खुर्चीतून उठवत नाही, म्हणजे नेमकं काय झालं? म्हातारपणातली फिजिओथेरपी, सोप्या भाषेत

दरवर्षी ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. २०२५ साली त्याचा विषय होता निरोगी वार्धक्य, त्यातही म्हातारपणातला अशक्तपणा आणि पडणं टाळणं. पण त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं, ते लगेच मागेही घेतलं गेलं, आणि सगळी चर्चा त्या एका अक्षरावर अडकून बसली. ही मंडळी म्हाताऱ्या माणसासाठी नेमकं काय करतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला. घरोघरी अजून फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक घेणं’ किंवा ‘करंट लावून घेणं’. या गैरसमजापायी अनेक आजी-आजोबा उभे राहू शकत असताना खाटेला खिळतात. म्हणून हा लेख.

परवापर्यंत तर चालत होत्या

हे वाक्य प्रत्येक फिजिओथेरपिस्टनं शेकडो वेळा ऐकलेलं असतं. परवापर्यंत आजी घरभर फिरत होत्या, आठवडाभर ताप आला, आणि आता कमोडवरून उठवत नाही. घरच्यांना वाटतं, तापानं काहीतरी मोठं बिघडवलं. खरं तर बिघाड वीस-तीस वर्षं चालू होता, तो दिसला आत्ता.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यापुढे आणा. तिचा नळ अगदी तळाला नसतो, थोडा वर बसवलेला असतो. टाकी काठोकाठ भरलेली असो की निम्मी, नळाला पाणी येतं. घरातल्यांना पातळीचा पत्ताच नसतो. पातळी नळाच्या तोंडाखाली गेली की मात्र धार एकदम बंद. टाकीत पाणी असतं, पण उपयोगाचं नसतं.

स्नायूंचं तसंच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून भराभर उतरते. वयानुसार स्नायू आणि ताकद घटण्याच्या या प्रकाराला १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं. या लेखात आपण त्याला ‘स्नायूझीज’ म्हणू.

या टाकीला नळ अनेक आहेत आणि ते वेगवेगळ्या उंचीवर आहेत. सगळ्यात वरचा नळ म्हणजे मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठणं. तो आधी बंद पडतो आणि आपण म्हणतो, ‘आता खाली बसणं सोडलंय.’ मग एसटीची पहिली पायरी. मग कमोड. मग खुर्ची, आणि शेवटी पलंग. घरातलं माणूस यातलं काय काय सोडत चाललंय याकडे लक्ष ठेवलं, तर पातळी कुठे आली आहे हे कोणत्याही तपासणीशिवाय कळतं. ‘पंगतीत खाली बसवत नाही, टेबलावर वाढा’ हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडतं, तीच फिजिओथेरपिस्टकडे जायची योग्य वेळ. लोक येतात ते चार नळ बंद झाल्यावर.

आणखी एक बारीक गोष्ट. स्नायूंत ढोबळमानानं दोन प्रकारचे तंतू असतात: दमानं काम करणारे आणि झटक्यात जोर लावणारे. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटक्यातले. पायपुसण्यात पाय अडकल्यावर दुसरा पाय विजेसारखा पुढे टाकून सावरायचं काम याच तंतूंचं. म्हणून आजोबा सावकाश दोन किलोमीटर चालू शकतात, पण उंबरठ्याला ठेच लागली की सरळ कोसळतात.

‘आता आराम करा’ या सल्ल्यानं काय होतं

साठी-सत्तरीच्या धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना कोणताही आजार नव्हता, जेवण मोजून मिळत होतं. तरी दहा दिवसांत प्रत्येकाच्या दोन्ही पायांतून मिळून सरासरी सुमारे एक किलो चरबीविरहित भाग गेला. तो भाग बहुतांशी स्नायू. आजारी, नीट न जेवणाऱ्या माणसाचं काय होत असेल याचा अंदाज यावरून यावा.

आपल्याकडे सेवेची व्याख्याच अशी आहे की म्हाताऱ्या माणसाला जागेवरून हलू द्यायचं नाही. पाणी हातात, ताट हातात, चहा पलंगावर. यामागची माया खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण दिवसातून दहा वेळा उठण्याचं निमित्त काढून घेतलं, तर टाकीत येणारी शेवटची धारही आपणच बंद करतो. चहा स्वयंपाकघरात प्यायला बोलवावं. फुलं, वाती, तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या ही कामं त्यांच्याकडेच राहू द्यावीत. उठायला त्यांना पाच मिनिटं लागली तरी लागू द्यावीत. हात धरून ओढण्यापेक्षा शेजारी उभं राहावं.

खुब्याचं हाड मोडलं की ही चूक सगळ्यात महाग पडते. ‘हाड जुळेपर्यंत झोपवून ठेवा’ असं सांगणारे नातेवाईक अजून भेटतात. आजची रीत अशी की रुग्णाची तब्येत झेपणारी असेल तर एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करायची आणि तिच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरवून उभं करायचं. सळई, प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवतात तोच मुळी माणूस लवकर उभा राहावा म्हणून. झोपून राहिल्यास छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला व टाचांना जखमा पडतात. पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट आला नाही तर विचारा. ‘किती वजन टाकायचं?’ हा प्रश्न सर्जनला घरी सोडण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्या. नाहीतर भीतीपोटी पाय हवेतच ठेवला जातो.

या वयात आता काय उपयोग?

बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० साली दहा जणांवर झालेला प्रयोग या प्रश्नाचं उत्तर आहे. वय ८६ ते ९६. बहुतेकांना अनेक आजार. त्यांच्याकडून आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम करून घेतला. वजनही नावापुरतं नव्हतं. ज्याला जेवढं जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत ते वाढवत नेलं. ज्या नऊ जणांनी पूर्ण केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली.

नव्वदीत हे कसं शक्य होतं? सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंमुळे. स्नायूचे बरेच तंतू वापराअभावी झोपलेले असतात. भार पडला की मेंदू त्यांना पुन्हा हाका मारायला शिकतो. स्नायू जाड होणं त्यानंतर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी जाणवू लागतं. म्हणून ‘पंधरा दिवस केलं, पाय काही भरले नाहीत’ ही तक्रार चुकीच्या मापावर आहे. पायाचा घेर मोजू नये, खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजावं.

पण मी रोज फिरतो की

फिरणं चालूच ठेवा. हृदय, साखर, झोप, मन, सगळ्याला ते चांगलं. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला जेवढा भार पडतो तो रोजचाच असतो, आणि रोजच्या भारानं स्नायू नवं काही शिकत नाही. तोलाचंही तेच. पडण्यावरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, पण फायदा ठळक होता तो तोल सांभाळण्याच्या आणि उठ-बस, पायरी अशा रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याबद्दल तसं खात्रीनं म्हणता आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला ६५ च्या पुढच्यांना म्हणूनच तीन गोष्टी सांगतो: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोलावर भर देणारा व्यायाम. आपल्याकडे पहिली गोष्ट थोडीफार होते. बाकीच्या दोन कुणी सांगतही नाही.

फिजिओथेरपिस्ट आधी मोजतो, मग मात्रा ठरवतो

औषधाचा जसा डोस असतो तसा व्यायामाचा असतो. कमी दिला तर उपयोग नाही, जास्त दिला तर दुखणं. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत हात लावण्याआधी बरंच विचारतो आणि घड्याळ लावून मोजतो. त्यातल्या दोन चाचण्या घरीही करता येतात.

पहिली, ३० सेकंदांची उठ-बस. साधी, बिनहाताची, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी, पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त धरतात. ८० ते ८४ वयासाठी हेच आकडे ९ आणि १०. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य.

दुसरी, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या चपलेत, काठी असेल तर काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हावं. यात वेळेइतकंच वळणंही पाहतात. आजी दोन पावलांत वळतात की जागच्या जागी आठ बारीक पावलं टाकतात? वळताना तोल सहज जाऊ शकतो. आणि चालताना कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायला त्या थांबतात का? थांबत असतील तर चालणं सहज राहिलेलं नाही, सगळं लक्ष त्यातच जातंय.

या दोन्ही चाचण्या घेताना कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं असलंच पाहिजे.

एकच व्यायाम करायचा असेल तर हा

खुर्चीतून उठणं. यात मांडी, नितंब, पोटरी, पाठ सगळं आलं, आणि दिवसभर लागणारी हालचालही हीच.

आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरका. पाय खांद्याइतके फाकवून मागे घ्या, इतके की घोटे गुडघ्यांच्या किंचित मागे येतील. टाचा जमिनीला टेकलेल्या. आता पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. मग पायांनी जमीन खाली ढकला आणि श्वास सोडत उभे राहा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा.

चुका ठरलेल्या असतात. पाय पुढे पसरलेले असतात, त्यामुळे कितीही जोर लावला तरी शरीर मागे पडतं. उठवत नाही याचं निम्मं कारण ताकदीत नसून पायांच्या जागेत असतं. पडायच्या भीतीनं पुढे वाकलं जात नाही. बसताना शेवटची वीतभर धप्पकन सोडून दिलं जातं. त्यानं मणक्याला हिसका बसतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर मणका चेपूही शकतो. श्वास रोखून धरला जातो, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. आणि वॉकर धरून स्वतःला वर ओढलं जातं, मग वॉकरच उलटतो. हात टेकायचे ते खुर्चीच्या दांड्यांवर, वॉकर धरायचा तो पूर्ण उभं राहिल्यावर.

मात्रा: ८ ते १० वेळा, दोन-तीन मिनिटं विसावा, पुन्हा ८ ते १०. एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा ‘जड जातंय, पण जमतंय’ असं वाटलं पाहिजे. अजिबात जड गेलं नाही तर तो व्यायाम राहिला नाही, नुसती हालचाल झाली. मुळीच उठवत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. जमू लागलं की एकेक घडी कमी करा. सलग १२ वेळा सहज होऊ लागलं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठा. मऊ, खोल सोफा मात्र व्यायामालाही नको आणि बसायलाही नको.

स्वयंपाकघराचा ओटा हे दुसरं उत्तम साधन. तो हलत नाही, कमरेच्या उंचीला असतो. ओटा धरून टाचा उचलणं १० वेळा, एक पाय सरळ बाजूला नेणं दोन्हीकडे १० वेळा, आणि ओट्याला धरून पाच-सहा पावलं आडवं चालणं. पायाला वजन हवं असेल तर अर्धा किलो वाळूची शिवलेली पिशवी घोट्याला बांधावी, महिन्याभरानं एक किलोची.

तोल हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे

तोल तिवईसारखा तीन पायांवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि पायाच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जाणीव. तिन्हीकडची खबर जुळवून मेंदू शरीर सरळ ठेवतो. म्हातारपणी हे तिन्ही पाय थोडे थोडे आखूड होतात. मधुमेहात तळव्यांची जाणीव जाते, मोतीबिंदूनं डोळे अधू होतात. दोन पाय कमकुवत झाले की माणूस तिसऱ्यावर जगतो. मधुमेही आजोबा दिवसा नीट चालतात आणि रात्री दिवा न लावता लघवीला उठले की पडतात, ते यामुळेच. अंधारात त्यांचा उरलेला एकमेव पायही गेलेला असतो.

तोलाचा व्यायाम तोल थोडा डळमळल्याशिवाय होत नाही. बसून हात-पाय हलवण्यानं तोल सुधारत नाही. ओट्याजवळ, मागे खुर्ची ठेवून, पायऱ्या अशा: दोन्ही पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाय अर्धा पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवून सरळ रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद हात न लावता जमलं की पुढची पायरी. टाच-बोटं चिकटवून १० सेकंद उभं राहता येत नसेल, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. डोळे मिटून करण्याचा उत्साह घरी एकट्यानं करू नये.

उठल्या-उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते वेगळं. झोपलेल्या स्थितीतून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर ती डॉक्टरांना सांगायची बाब आहे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या यामागे असू शकतात. गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत, यादी घेऊन जावं.

व्यायामानं गुडघे आणखी झिजतील ना?

ही भीती सगळ्यात खोल रुजलेली. गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका वापरू तितका घासणार, असं वाटतं. पण कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, जिवंत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की स्पंजासारखी ती दबते, भार सुटला की सांध्यातला द्रव आत शोषून घेते. हालचाल थांबली की तिचं पोषणही मंदावतं. शिवाय मांडीचे स्नायू कमजोर झाले की प्रत्येक पावलाचा हादरा थेट सांध्यावर येतो. म्हणून गुडघ्याच्या संधिवातात ताकदीचा व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक धरला जातो.

दुखण्याचा नियम असा ठेवावा: शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण २४ तासांत ते मूळपदावर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही जास्तच असेल किंवा गुडघा सुजला, तर मात्रा निम्मी करायची. व्यायाम बंद करायचा नाही.

मग शेक आणि करंट?

त्यांनी दुखणं काही काळ हलकं होऊ शकतं, आणि तेवढ्या वेळात व्यायाम करून घेता आला तर त्यांचा उपयोग झाला. पण कुठल्याही मशीननं झोपून राहिलेल्या माणसाचा तोल येत नाही. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओची मोठी साथ आली, आणि १९५३ साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. लुळ्या पडलेल्या मुलांचे उरलेसुरले स्नायू कामाला लावणं, हे या विद्येचं तेव्हाचं काम होतं. मूळ तेच आहे.

वीस भेटी झाल्या, प्रत्येक भेटीत नुसता शेक झाला, एकदाही उठ-बस मोजली नाही, घरी करायला काही दिलं नाही, तर फिजिओथेरपिस्ट बदला. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. तिथली नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच नको. मालिश करणारा, हाड बसवणारा आणि फिजिओथेरपिस्ट हे तीन वेगळे लोक आहेत.

बीपी आहे, बायपास झालीय, तरी?

बहुतेकांना चालतं, आणि हृदयाच्या रुग्णांना तर नियंत्रित व्यायाम मुद्दाम सांगतात. पण आधी डॉक्टरांना विचारावं. बसल्या जागी रक्तदाब १८० / ११० च्या वर असेल, छातीत नव्यानं दुखत असेल, आराम करतानाही धाप लागत असेल, ताप असेल किंवा एका पोटरीत अचानक सूज आणि दुखणं असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. व्यायाम करताना छातीत दाब, घेरी, थंड घाम आला तर तिथेच थांबायचं. बोलता येईल इतपत दम लागणं मात्र ठीक आहे.

काठी कोणत्या हातात?

दहातले बरेच जण चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे. चालताना दुखऱ्या पायावर उभं असताना शरीर दुसरीकडे कलतं. तिकडून काठीनं आधार दिला की खुब्यावरचा आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखऱ्याच बाजूला धरली तर माणूस त्याच बाजूला झुकून चालतो आणि कंबर धरते.

उंचीसाठी चप्पल घालून ताठ उभं राहा, हात मोकळे सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. तळाचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला. ओल्या मोरीत झिजलेल्या रबराची काठी ही नसलेल्या काठीपेक्षा धोक्याची.

ताटात काय पडतंय

भार दिला आणि माल नाही दिला, तर बांधकाम होत नाही. वयस्कांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. सकाळी चहा-खारी, दुपारी भात नि पातळ वरण, रात्री दूधभात, यात ती निम्मीही भरत नाहीत. घट्ट वरणाची वाटी, ताक किंवा दही, उसळ, मूठभर दाणे, चालत असेल तर अंडं किंवा मासे, हे एका वेळी न ठेवता तिन्ही जेवणांत वाटून द्यावं. दात नसतील तर उसळ वाटून, पिठल्यात, धिरड्यात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

पडल्यावर उठायचं कसं, हे न पडता शिकायचं असतं

पडलेल्या अनेकांना फारशी इजा नसते, पण उठता न आल्यानं ते तासन्‌तास फरशीवर पडून राहतात. त्यातून अंग गारठतं, त्वचेला जखमा होतात, आणि भीती अशी बसते की पुढे चालणंच कमी होतं.

पडल्यावर आधी एक मिनिट तसंच राहायचं. हात-पाय हलवून पाहायचे. मांडीच्या सांध्यात जोराची कळ येत असेल, एक पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा डोकं आपटलं असेल, तर उठायचं नाही, उठवायचं नाही. १०८ ला फोन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला साधा मार लागला तरी रुग्णालयात जायचं.

इजा नसेल तर कुशीवर वळा. खालचं कोपर आणि वरचा हात टेकून धड उचला. रांगण्याच्या स्थितीत या. रांगत भक्कम खुर्चीपाशी किंवा दिवाणापाशी जा, दोन्ही हात बसायच्या जागेवर ठेवा. जो पाय जास्त दणकट तो पुढे घेऊन तळवा पूर्ण टेकवा, हातांनी आणि त्या पायानं जोर लावून उठा, वळा, बसा. लगेच चालू नका. मदतीला आलेल्यानं काखेत हात घालून ओढायचं नाही. खांदा निखळतो आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. त्यानं खुर्ची आणून जवळ धरावी आणि एकेक पायरी बोलून सांगावी.

हे सगळं जाड सतरंजीवर, फिजिओथेरपिस्टसमोर आधी दोन-तीनदा करून घ्यावं. ज्यांना अजून खाली बसता येतं त्यांनी दिवसातून एकदा, खुर्चीला धरून का होईना, खाली बसून उठणं सोडू नये. पूजेला, भाजी निवडायला, नातवंडांशी पत्ते खेळायला, कशालाही. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर मात्र आधी सर्जनला विचारून.